जुन्या यंत्राची संहिता

व्हिडीओ गेम हा साहित्याच्या अभ्यासकाने गांभीर्याने घ्यावा असा विषय आहे काय, यावर आपल्याकडे चर्चा झालीच तर ती बहुधा कथनाच्या अंगाने होते. खेळात गोष्ट असते का, पात्रे असतात का, खेळणाऱ्याला वाचक मानावे की सहलेखक, असे प्रश्न विचारले जातात. ते प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण त्यांच्याही आधीचा एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. ज्या कृतीविषयी आपण बोलतो ती नेमकी कोठे असते? पुस्तकाच्या बाबतीत आपण 'संहिता' हा शब्द वापरून मोकळे होतो. खेळाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न समीक्षकांच्या आधी दुरुस्ती करणाऱ्यांपुढे उभा राहिला आहे. जुना कन्सोल उघडून हाती डाखणी घेतलेल्या माणसाला 'मूळ' म्हणजे काय, याचा निर्णय पदोपदी करावा लागतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की हा निर्णय पाठचिकित्सेचा आहे, आणि तो पाठचिकित्सेच्याच शिस्तीने घेतला गेला पाहिजे.

उदाहरण निन्टेन्डो कंपनीच्या एकाच यंत्राचे घेऊ. हे यंत्र जपानमध्ये जुलै 1983 मध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' अर्थात 'फॅमिकॉम' या नावाने आले. अमेरिकेत ते 1985 मध्ये वेगळ्या पेटीत, 'निन्टेन्डो एन्टरटेनमेंट सिस्टिम' या नावाने अवतरले. 2003 मध्ये जपानमधले उत्पादन थांबले. सुटे भाग मिळेनासे झाल्याचे कारण देऊन कंपनीने ऑक्टोबर 2007 च्या अखेरीस फॅमिकॉमची दुरुस्तीही बंद केली. तेव्हापासून जी यंत्रे चालू आहेत ती खासगी हातांनी जगवलेली आहेत. मुद्रित ग्रंथाची पुन्हा पोथी व्हावी, आणि तिचे भवितव्य ती हाताळणाऱ्यावर अवलंबून राहावे, तशी ही स्थिती आहे.

आता या हातांपुढचे प्रश्न पाहू. सर्वांत साधा प्रश्न अमेरिकी यंत्राचा. त्या यंत्राला व्हीसीआरसारखे रूप द्यावे म्हणून खेळाची पेटी, जिला आपल्याकडे सर्रास 'कॅसेट' म्हटले जाई, ती समोरून आत सारून खाली दाबायची अशी रचना केली गेली. आतल्या 72 पट्ट्यांची जोडणी या दाबाने कालांतराने सैल होते. शिवाय यंत्रात आणि कॅसेटमध्ये एकेक कुलूपवजा चिप असते. दोघींचा संवाद जुळला नाही की यंत्र साधारण दर सेकंदाला नव्याने सुरू होत राहते आणि पडदा लुकलुकतो. ही चिप विनापरवाना खेळ अडवण्यासाठी होती. पण संपर्कपट्ट्यांवर मळ साचला की ती अस्सल कॅसेटलाही दारात उभे करीत नाही. जगभरच्या मुलांनी कॅसेटमध्ये जी फुंकर मारली ती याच रोगावरचा उतारा म्हणून. प्रत्यक्षात श्वासातील ओलाव्याने त्या पट्ट्या गंजण्याचाच धोका असतो.

दुरुस्ती करणारे पट्ट्या अल्कोहोलने पुसतात, जोडणी बदलतात आणि पुष्कळदा त्या चिपचा चौथा पाय तोडून किंवा उचलून तिला गप्प करतात. येथे शुद्धतावादी म्हणतो की हा मूळ यंत्राचा अंगभंग आहे. पण मूळ कोणते? जपानी यंत्रात ही चिप नव्हतीच. 1993 मध्ये खुद्द निन्टेन्डोने त्याच यंत्राची, वरून कॅसेट घालण्याची जी नवी आवृत्ती काढली, तीतूनही चिप वगळलेली होती. निर्मात्याच्याच पहिल्या आणि शेवटच्या प्रतींत जो अंश आढळत नाही, तो मधल्या प्रतीत आहे एवढ्यावरून कृतीचा अविभाज्य भाग मानता येत नाही. ग्रंथसंपादक अशा अंशाला प्रक्षेप म्हणतो. व्यापाराने घातलेल्या कुलपाला कलाकृतीचा अवयव समजणे ही भावुकता झाली.

येथवर सुधारणावाद्याची बाजू भक्कम वाटते. पण दुसरे उदाहरण तिलाही सुरुंग लावते. आजच्या टीव्हीवर जुने चित्र पुसट दिसते, म्हणून यंत्राच्या चित्रचिपमधून स्वच्छ संकेत काढणारे नवे जोडभाग बसवले जातात. अडचण अशी की ही चिप लाल, हिरवा, निळा असे रंग वेगवेगळे बाहेर देतच नाही. खेळाच्या आज्ञावलीत रंगाचा फक्त क्रमांक लिहिलेला असतो. चिप त्या क्रमांकापासून थेट टीव्हीचा संमिश्र संकेत घडवते आणि प्रत्यक्ष रंग टीव्हीच्या पडद्यावर, त्या त्या टीव्हीच्या प्रकृतीनुसार उमटतो. म्हणजे नवा भाग बसवणाऱ्याला प्रत्येक क्रमांकापुढे एक निश्चित रंग लिहून देणारी रंगसारणी निवडावीच लागते. 1985 च्या 'सुपर मारियो ब्रदर्स'मधले आकाश एका सारणीत निळे दिसते, तर दुसरीत जांभळ्याकडे झुकते. यांपैकी खरे कोणते, याला उत्तर नाही, कारण खऱ्या आकाशाची नोंद कोठे केलेलीच नव्हती. स्वच्छ केलेले चित्र हे अनेक संभाव्य पाठांपैकी एक आहे, आणि ते इतके नितळ असते की पाहणाऱ्याला त्यामागे निवड झाली होती याची शंकाही येत नाही. पाठभेद पुसून टाकणारी ही सफाई मळापेक्षा अधिक फसवी आहे.

याच संदर्भातली आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. नवे जोडभाग निघण्यापूर्वी स्वच्छ रंगांसाठी एक वेगळी वाट होती. त्याच कुटुंबातल्या, नाणे टाकून खेळण्याच्या सार्वजनिक यंत्रांत रंग वेगवेगळे देणारी चित्रचिप असे. ती काढून घरच्या यंत्रात बसवली जाई. तिची रंगसारणीही निराळी, म्हणजे मिळणारे रंग पुन्हा 'मूळ' नव्हेतच. आणि एक यंत्र सुधारण्यासाठी दुसरे, त्याहून दुर्मिळ यंत्र कायमचे मुके होई. एका पोथीची पाने कापून दुसरीची गाळलेली जागा भरावी, तसलाच हा प्रकार. नवे भाग आल्यामुळे ही वाट सोडता येते, हे सुधारणावाद्यांचे निःसंशय श्रेय आहे.

तिसरे उदाहरण बॅटरीचे. 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा खेळ जपानमध्ये 1986 साली चकतीवर आला. 1987 च्या अमेरिकी कॅसेटमध्ये खेळणाऱ्याची प्रगती जपण्यासाठी नाण्याएवढी बॅटरी डाख देऊन बसवली होती. ती संपली की कोणी नाव घालून जपलेला अर्धा प्रवास पुसला जातो. बॅटरी बदलतानाही तो पुसलाच जातो. कॅसेटला बाहेरून दुसरा विद्युतपुरवठा जोडून ठेवण्याची दक्षता घेतली तरच तो वाचतो. बहुतेक जण घेत नाहीत, कारण त्यांच्या लेखी खेळ म्हणजे कारखान्यात भरलेली आज्ञावली. ग्रंथालयातल्या जुन्या प्रतीच्या समासातील वाचकाच्या नोंदी खोडरबराने पुसणाऱ्या कर्मचाऱ्याला आपण क्षमा करू काय? येथे तर खेळाची रचनाच अशी आहे की वाचकाच्या हस्तक्षेपावाचून ती पुढे सरकत नाही.

या उदाहरणांतून दिसते ते असे की जसेच्या तसे ठेवणे हा पर्यायच उपलब्ध नाही. न उघडलेल्या यंत्रातही कपॅसिटर आटतात, प्लॅस्टिक पिवळे पडते, चकतीयंत्राचा रबरी पट्टा चिकट होऊन विरघळतो. 'डक हंट'ची बंदूक पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवाचून निशाणा ओळखत नाही. तेव्हा यंत्र पेटीत सुखरूप असले तरी जुना टीव्ही भंगारात गेल्याने कृतीचा एक भाग आधीच नाहीसा झालेला असतो. प्रश्न बदल करावा की करू नये हा नाही. बदल कोणत्या प्रामाणिकपणे करावा, हा आहे.

आपल्या परंपरेत याचे उत्तर आहे. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि तो केल्याची नोंद शकासह ग्रंथाच्या अखेरीस ठेवली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 मध्ये हाती घेतलेली आणि 1966 मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती तर याचा आदर्शच. तिने एक पाठ निवडला, पण नाकारलेले पाठ तळटीपांत छापले. पुढच्या वाचकाला संपादकाशी मतभेद करण्याची सोय राखली. जुन्या यंत्राच्या दुरुस्तीची नीती याहून वेगळी असू नये. काय काढले, काय घातले, कोणती रंगसारणी निवडली, याची चिठ्ठी पेटीच्या आत राहावी. काढलेला भाग फेकू नये. शक्य तेथे बदल उलटवता यावा. चौथा पाय तोडण्याऐवजी उचलून ठेवणे, एवढ्या लहानशा फरकात संपादक आणि विध्वंसक यांच्यातले अंतर मावते.

हे केवळ छंदिष्टांपुरते नाही. अमेरिकेतल्या व्हिडीओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, त्या देशात 2010 पूर्वी निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के बाजारात उपलब्ध नव्हते. असे खेळ ग्रंथालयांना संशोधकांपर्यंत दूरस्थपणे पोहोचवता यावेत, ही मागणी तेथील प्रताधिकार यंत्रणेने ऑक्टोबर 2024 मध्ये फेटाळली. कृती कपाटात आहे, पण वाचकाने कपाटापर्यंत चालत जावे, असा याचा अर्थ. अशा वेळी चालू स्थितीतली यंत्रे हाच संशोधनाचा एक आधार उरतो, आणि ती जगवणाऱ्याची प्रत्येक निवड उद्याच्या अभ्यासाची साधनसामग्री ठरते.

आपल्यापैकी ज्यांनी नव्वदच्या दशकात मारियो पाहिला, त्यांतल्या बहुतेकांनी तो फॅमिकॉमच्या नकली यंत्रावर, शेकडो खेळांचे आमिष दाखवून मोजकेच पुन्हा पुन्हा देणाऱ्या कॅसेटवर पाहिला. आपली प्रत पहिल्यापासून अपभ्रष्टच होती. म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. उलट एखादी कृती कोणत्या वाटांनी, कोणत्या रूपांत आपल्यापर्यंत आली, याचा तो पुरावा आहे. माळ्यावर असे यंत्र पडलेले असेल तर ते भंगारवाल्याला देण्यापूर्वी साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा उघडून पाहावे, आणि उघडल्यावर काय केले ते लिहून ठेवावे. पाठचिकित्सेचे पहिले प्रात्यक्षिक म्हणून ते वाईट नाही.