भाजी आधी आपल्या ताटात येऊ द्या

"लेकरू भाजीला तोंडच लावत नाही" ही तक्रार आज धाराशिव जिल्ह्यातल्या कोणत्याही वस्तीत, कोणत्याही अंगणवाडीच्या ओट्यावर ऐकायला मिळते. उमरगा असो, कळंब असो की परंडा, दीड-दोन वर्षांचे मूल वरण-भात खाते, चहात बुडवलेले बिस्किट खाते, पण मेथीचे एक पान जिभेवर आले की थुंकून टाकते. मग आई रागावते, आजी दृष्ट काढते आणि बाप दुकानातून पाच रुपयांचा पुडा आणून प्रश्न मिटवतो. आमचे मत स्पष्ट आहे. या प्रश्नात लेकराच्या हट्टाचा वाटा फार थोडा आहे. भाजी आधी आपल्या, मोठ्यांच्या ताटातून कमी झाली आणि मग ती लेकराला अनोळखी झाली. ती परत आणायची तर सुरुवात आपल्या ताटापासूनच करावी लागेल.

विषय घरगुती वाटतो, पण किरकोळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 6 ते 59 महिन्यांच्या बालकांपैकी 68.9 टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत (2015-16) हे प्रमाण 53.8 टक्के होते. म्हणजे दहा लेकरांत जवळपास सात लेकरांचे रक्त कमी, आणि आकडा उतरण्याऐवजी चढलेला. केंद्र सरकारने 2018 मध्ये विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांची 'आकांक्षित जिल्हे' म्हणून निवड केली. त्यात महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि वाशीमबरोबर आपला जिल्हाही होता. रक्त कमी असलेले मूल लवकर थकते, त्याचे लक्ष टिकत नाही, शिकण्यात ते मागे पडते. 'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला शब्द आपण घराघरात लावला आहे. तो शब्द पेलण्याची ताकद पहिल्या पाच वर्षांतल्या ताटातून येते, हे विसरून चालणार नाही.

लेकरू भाजी का थुंकते?

जन्मतः तीन किलोच्या आसपास असलेले बाळ वर्षभरात साधारण तिप्पट वजनाचे होते. दुसऱ्या वर्षात मात्र त्याचे वजन दोन-अडीच किलोच वाढते. वाढीचा वेग कमी झाला की भूकही कमी होते. हे निसर्गाचे गणित आहे. त्याच सुमारास मूल चालू लागते, हाताला येईल ते तोंडात घालू लागते, आणि त्याच वयात अनोळखी चवीची भीती त्याच्यात जागी होते. दोन ते सहा वर्षांच्या वयात ही भीती सर्वांत जास्त असते. कडवट चव तर मुलांना मोठ्यांपेक्षा अधिक बोचते. त्यामुळे मेथी थुंकणारे लेकरू आजारी नाही, हट्टी नाही आणि त्याला कोणाची नजरही लागलेली नाही. मीठ-मिरची ओवाळून किंवा मनगटाला दोरा बांधून ही भीती जात नाही. ती ओळखीने जाते.

अमेरिकेतील संशोधक लिएन बर्च यांनी 1982 मध्ये दोन वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. मुलांनी एखादा नवा पदार्थ जितक्या जास्त वेळा चाखला, तितका तो त्यांना जास्त आवडू लागला. एकाच पदार्थासाठी आठ, दहा, कधी पंधरा वेळा संधी द्यावी लागते, असे पुढच्या अनुभवातून दिसले. आपल्या घरात काय होते? दोन वेळा थुंकले की "याला भाजी आवडतच नाही" असा निकाल लागतो आणि तिसऱ्या वेळेपासून भाजी त्याच्यासमोर येतच नाही. संधी दोन आणि गरज पंधराची, मग ओळख होणार कशी?

दुसरी चूक जबरदस्तीची. नाक दाबून घास कोंबणे, मोबाईल दाखवून नकळत भरवणे, "भाजी खाल्लीस तर गोळी देईन" असे आमिष दाखवणे, हे सगळे उलटे फिरते. बक्षीस देऊन खायला लावलेला पदार्थ मुलांना पुढे कमीच आवडतो, हेही बर्च यांच्याच अभ्यासात दिसून आले. मुलाला कळते की ज्यासाठी लाच द्यावी लागते ती वस्तू वाईटच असणार. म्हणून आमचा आग्रह एवढाच की कामाची वाटणी करा. काय शिजवायचे, कधी आणि कुठे बसून खायचे, हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे आणि खायचे की नाही, हे लेकराला ठरवू द्यावे. ताटात रोज भाजी वाढा. न खाल्ल्यास शांतपणे उचलून ठेवा, उद्या पुन्हा वाढा. वाढायची तीही थोडीच. वयाच्या प्रत्येक वर्षाला एक मोठा चमचा, म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला एका वेळी दोन चमचे भाजी पुरे. वाटीभर भाजी समोर ठेवली तर मोठा माणूससुद्धा घाबरेल.

भाजी आपल्या ताटातून कशी गेली?

आता थोडे स्वतःकडे पाहू. आपल्या आज्या-पणज्यांना पावसाळ्यात बाजाराची गरज फारशी पडत नसे. तांदुळजा, पाथरी, घोळ, कुंजीर, तरोटा, अंबाडी, करडईचा कोवळा पाला, हरभऱ्याचे शेंडे अशा कितीतरी भाज्या त्या बांधावरून, रानातून ओटीत भरून आणत. मूळचे याच जिल्ह्यातल्या खामसवाडीचे लेखक शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या 2015 च्या पुस्तकात मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांची खाद्यसंस्कृती नोंदवली आहे. पाककृतींच्या प्रतिष्ठित पुस्तकांनी ज्या चुलीकडे कधी पाहिले नाही, तिची ही नोंद आहे. आपल्या तरुण आई-बापांनी ते जरूर वाचावे.

मग या भाज्या सुटल्या कशामुळे? एक कारण शेतीतले आहे. ज्वारी, तूर, मूग, उडीद यांच्या मिश्र पिकांची जागा सोयाबीन आणि उसाने घेतली. तणनाशक आले आणि ज्याला आपण भाजी म्हणत होतो ते 'तण' ठरून जळाले. दुसरे कारण मनातले आहे. रानातला पाला खाणे ही गरिबीची खूण मानली गेली. चार पैसे हाती आले तेव्हा लेकराच्या हातात रंगीत पुडा देणे हे प्रेमाचे आणि प्रगतीचे लक्षण झाले. ज्या बापाच्या लहानपणी बिस्किट फक्त पाहायला मिळाले, तो आपल्या लेकराला रोज एक पुडा देतो. त्याचे मन आम्ही समजू शकतो. पण येथे एक फरक केला पाहिजे. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे तुकडे सोडा असे सांगितले, आणि समाजाने स्वाभिमानाने ते सोडले. ते तुकडे दुसऱ्याने टाकलेले होते. रानभाजी आपल्याला कोणी दिलेली नव्हती. कोणता पाला खायचा, कोणता टाळायचा, कोणता दोन पाण्यांत उकळून पिळायचा, हे ज्ञान आपल्या आयांनी स्वतः कमावलेले होते. शिळ्या तुकड्याबरोबर ही कमाईही फेकून देण्याचे काही कारण नव्हते.

आणखी एक जुनी समजूत सोडली पाहिजे. बाळंतिणीला "वातूळ आहे, बाळाला बाधेल" म्हणून पालेभाजी देत नाहीत. नेमके उलटे करायला हवे. आई जे खाते त्याची चव गर्भजलातून आणि दुधातून बाळापर्यंत पोहोचते. फिलाडेल्फियातील ज्युली मेनेला यांनी 2001 मध्ये हे दाखवले. ज्या मातांनी गरोदरपणी किंवा दूध पाजताना गाजराचा रस प्यायला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीची पेज कमी तोंड वाकडे करून खाल्ली. म्हणजे भाजीची पहिली ओळख आईच्या ताटात होते. तिलाच आपण भाजीपासून दूर ठेवले तर पुढे लेकराला कोणत्या तोंडाने दोष द्यायचा?

दोष देण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. लेकरू खात नाही याचा ठपका दरवेळी आईवर येतो. बाप मात्र जेवताना वांगे बाजूला सारतो, दोडका पाहून नाक मुरडतो आणि चटणी-भाकर मागतो. मूल कानाने कमी आणि डोळ्याने जास्त शिकते. बापाने लेकराला शेजारी बसवून चवीने भाजी खाल्ली, तर त्या एका जेवणाने दहा उपदेशांचे काम होते.

चुलीजवळ काय करावे?

आपल्या भागातले जेवण तिखट. म्हणून काळे तिखट टाकण्याआधी बाळाची भाजी वेगळी काढा. तुरीच्या किंवा मुगाच्या डाळीत तांदुळजा, चुका, पालक शिजवून रवीने घोटलेले मऊ गरगट्टे ज्वारीच्या कुस्करलेल्या भाकरीत कालवून द्या. आंबटसर चवीमुळे मुले ते लवकर स्वीकारतात. मेथी कडू लागते, तर ती धपाट्याच्या पिठात मळा किंवा शेंगदाण्याचे बारीक कूट घालून शिजवा. लाल भोपळा आणि गाजर मुळात गोडसर, उकडून हातात द्या. शेवग्याच्या शेंगेचा गर काढून भरवा. शेवग्याचा पाला तर डाळीत मूठभर पडलाच पाहिजे. दारात एक शेवगा असेल तर दुष्काळातही पाला मिळतो. भाजीत थोडे तेल असू द्या, त्यामुळे 'अ' जीवनसत्त्व अंगी लागते. वरून लिंबू पिळा किंवा जेवणाबरोबर पेरूची मऊ फोड द्या, म्हणजे पालेभाजीतले लोह शरीरात अधिक शोषले जाते.

मात्र भाजी नेहमी लपवूनच देऊ नका. धपाट्यातली मेथी पोटात जाते, पण डोळ्याला ओळखीची होत नाही. म्हणून शेजारी चिमूटभर उघडी भाजीही ठेवा. मुलाला शेंगा सोलू द्या, पाने निवडू द्या, हात बरबटू द्या. चहा मात्र बंद. चहा लोह शोषू देत नाही आणि भूकही मारतो. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको, नाहीतर पोट दुधानेच भरते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कच्च्या गाजराचे कडक तुकडे लहान मुलांच्या घशात अडकतात, ते देऊ नका. रानभाजी जाणत्या बाईने ओळखलेलीच घ्या, आणि फवारलेल्या शेतातली किंवा गटारीकाठची घेऊ नका.

भाजीने सगळे होईल, असेही आम्ही म्हणणार नाही. पालेभाजीतले लोह मांसाहारातल्या लोहाइतके सहज शोषले जात नाही. अंडे, मासे, काळीज, मटण घरात शिजत असेल तर मऊ करून लेकरालाही द्या. 6 महिने ते 5 वर्षांच्या बालकांना आठवड्यातून दोनदा 1 मिली लोहाचे औषध सरकारी योजनेत मोफत मिळते. जंताची गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये मिळते. हे आपल्या हक्काचे आहे, आशाताईंना आणि अंगणवाडी सेविकेला विचारून घ्या. मूल माती खात असेल, डोळ्याची पापणी आतून पांढरट दिसत असेल, वजन दोन-तीन महिने वाढत नसेल, गिळताना सारखे ठसकत असेल, किंवा दंडाचा घेर 12.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरत असेल, तर घरी प्रयोग करत बसू नका. आरोग्य केंद्रात दाखवा. 11.5 च्या खाली घेर म्हणजे तीव्र कुपोषण, तेथे एक दिवसही घालवू नये.

वाशी, भूम, कळंबकडची कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. कोपीवर पहाटे उठून फडात जाणाऱ्या आईला "रोज ताजी भाजी करा" असे सांगणे म्हणजे तिची थट्टा आहे. तिच्यासाठी सावलीत वाळवलेला शेवग्याचा पाला आणि वाळवलेली हरभऱ्याची भाजी डब्यात भरून देता येते. चिमूटभर डाळीत पडली तरी उपयोगी. लेकराचे कार्ड सोबत न्यावे आणि जिथे जाल तिथल्या अंगणवाडीत नाव सांगावे. पण खरी मागणी सरकारकडे आणि कारखान्याकडे करावी लागेल. तळावर लेकरांच्या गरम जेवणाची सोय हा उपकार नव्हे, त्यांचा अधिकार आहे.

मार्ग आपल्याच जिल्ह्यात दिसतो आहे. 1993 च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमध्ये काम करणाऱ्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेबरोबर अनेक महिलांनी साधारण एक एकरात घरच्या खाण्यासाठी डाळी, धान्य आणि भाज्या एकत्र पिकवायला सुरुवात केली. संस्थेला 2017 चा इक्वेटर पुरस्कार मिळाला. सर्वांकडे एकर नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण सांडपाण्यावर दोन वेल आणि एक शेवगा बहुतेक दारांत लागू शकतो.

शेवटी एक सूचना विहार समित्यांसाठी. वर्षावासाच्या तीन महिन्यांत गावोगावी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन होते. रानभाज्याही याच तीन महिन्यांत उगवतात. वाचन संपल्यावर आपण लेकरांना बिस्किटांचे पुडे वाटतो. त्याऐवजी उकडलेल्या शेंगा, पेरू, लाल भोपळ्याची खीर, मेथीचे छोटे धपाटे वाटावेत. दर आठवड्याला वस्तीतल्या एका आजीने एक भाजी आणून सर्वांना ओळखायला शिकवावी. तिचे नाव, तिची जागा, शिजवण्याची रीत एखाद्या मुलीने वहीत उतरून घ्यावी. शाळेच्या पायरीवर न चढू दिलेल्या बायांचे हे ज्ञान त्यांच्या नातींच्या अक्षरात लिहिले जाईल. आणि आजीच्या हातची ती भाजी सगळी वस्ती एका पंगतीत बसून खाते हे पाहून, आईच्या मांडीवरचे दोन वर्षांचे लेकरूही एक दिवस हात पुढे करील. घाई नको. पंधरा वेळा वाढायची आपली तयारी असली पाहिजे.

जय भीम!