संमतिवयाचा वाद, १८९१: बातमी पक्षपाती होती, म्हणून मागणी न्याय्य होती काय?

१/ इतिहासाची आवड असलेल्या तरुण मित्रांत अलीकडे एक युक्तिवाद फार प्रिय झाला आहे. जुन्या काळातील एखादे सनातनी आंदोलन घ्यावे, इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याची कशी कुचेष्टा केली ते दाखवावे, आणि तेवढ्या आधारावर आंदोलकांची बाजू सत्याची होती असा निकाल देऊन मोकळे व्हावे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याबाबत हा प्रकार वारंवार होतो. प्रस्तुत थ्रेड या युक्तिवादाविरुद्ध आहे.

२/ आधी कायदा काय होता ते पाहू. १८६० च्या भारतीय दंडसंहितेनुसार १० वर्षांखालील पत्नीशी केलेला शरीरसंबंध बलात्कार ठरत असे. ९ जानेवारी १८९१ रोजी सर अँड्र्यू स्कोबल यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात विधेयक मांडले आणि १९ मार्चला ते संमत झाले. त्याने ही मर्यादा १० वरून १२ वर नेली. लग्नाच्या वयाला या कायद्याने हातही लावला नव्हता. सारा गदारोळ त्या दोन वर्षांसाठी होता.

३/ विधेयकामागे एक मृत्यू होता. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची मुलगी पतीच्या बळजबरीने झालेल्या दुखापतीमुळे दगावली. तिने वयाची १० वर्षे नुकतीच ओलांडली होती. पती हरिमोहन मैती प्रौढ वयाचा होता. मुलगी १० वर्षांवरील असल्याने बलात्काराचा गुन्हा लागूच होईना. अखेर निष्काळजी कृत्याने जबर दुखापत केल्याबद्दल त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. पुढील युक्तिवाद वाचताना ही हकीकत दृष्टीआड होऊ देऊ नये.

४/ विरोध मात्र प्रचंड झाला. सनातन्यांचे म्हणणे असे की, पहिल्या ऋतुदर्शनानंतर गर्भाधान संस्कार करणे शास्त्राने आवश्यक आहे. ते १२ वर्षांपूर्वी घडल्यास नवा कायदा धर्माचरणालाच गुन्हा ठरवील. धर्मात ढवळाढवळ करणार नाही हे १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यातील वचन मोडले जात आहे, हा दुसरा आक्षेप. फेब्रुवारी १८९१ मध्ये कलकत्त्याच्या मैदानावर विराट सभा झाली, कालीघाटावर महापूजा झाली. पुण्यात सुधारकांची सभा उधळून लावण्यापर्यंत मजल गेली.

५/ या आंदोलकांची एक तक्रार होती: वृत्तपत्रे आमचे म्हणणे नीट छापत नाहीत, आम्हांला अडाणी आणि क्रूर म्हणून रंगवतात. तक्रार खोटी नव्हती, हे आधीच मान्य करतो. अँग्लो-इंडियन पत्रांचा कल उघडपणे विधेयकाकडे होता. ‘इंडियन स्पेक्टेटर’चे संपादक बेहरामजी मलबारी यांनी १८९० मध्ये इंग्लंडला जाऊन तेथील लोकमत तयार केले. आमच्या माजघराचा निर्णय लंडनच्या बैठकीत का व्हावा, हा प्रश्न रास्त होता.

६/ दांभिकपणाचा आरोपही निराधार म्हणता येत नाही. इंग्लंडात संमतिवय १८७५ पर्यंत १२ होते, मग १३ झाले. ते १६ वर नेणारा कायदा १८८५ मध्ये आला, आणि तोही ‘पॉल मॉल गॅझेट’मध्ये डब्ल्यू. टी. स्टेड यांनी लंडनमधील बालिकांच्या विक्रीवर लेखमाला लिहून खळबळ उडवल्यानंतर. पतीने पत्नीवर केलेली बळजबरी तर इंग्लिश कायद्याच्या लेखी गुन्हाच नव्हती. अशा देशाच्या पत्रांनी ‘हिंदूंच्या रानटीपणा’वर प्रवचने झोडावीत, याचा संताप येणे स्वाभाविक होते.

७/ रखमाबाईंच्या खटल्यात हा विरोधाभास अधिकच ठळक दिसतो. पतीकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी पतीकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला. ज्या ‘वैवाहिक हक्कां’च्या दाव्यावर हा खटला उभा होता, तो दावा मुळात इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला! इंग्रजी पत्रांनी बाईंची बाजू घेताना हा उगम क्वचितच वाचकांपुढे ठेवला.

८/ सरकारचे बळही एका बाजूला झुकले. कायद्यावर जळजळीत टीका करणाऱ्या ‘बंगबासी’ या बंगाली साप्ताहिकावर १८९१ मध्येच राजद्रोहाचा खटला भरला गेला. कलम १२४-अ खालील हा पहिला खटला. ज्यूरीत एकमत झाले नाही, चालकांनी दिलगिरी व्यक्त केली आणि खटला सोडून देण्यात आला. टीका कितीही कडवट असो, तिला राजद्रोह ठरवणे हे दडपशाहीचेच लक्षण होय.

९/ एवढे पुरावे मांडले की बहुतेक थ्रेड येथे संपतात. ‘पाहा, माध्यमांनी कसा खोटेपणा केला!’ असे म्हणून टाळ्या घेतल्या जातात. पण आपण सिद्ध काय केले? बातमी देणाऱ्याची नियत. बातमी ज्या मागणीविषयी होती, ती मागणी न्याय्य होती की नव्हती, या प्रश्नाला आपण अजून स्पर्शही केलेला नाही. तो प्रश्न आता घेऊ.

१०/ प्रथम ‘माध्यमे’ म्हणजे कोणती? इंग्रजी पत्रे इंग्रजी जाणणारे वाचत. मराठी वाचकाच्या हाती ‘केसरी’ होता आणि ‘केसरी’ विधेयकाच्या विरोधात होता. बंगालीत ‘बंगबासी’चा खप मोठा होता. देशी भाषेत दुबळी बाजू सुधारकांची होती. आगरकर १८८७ मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले, १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला, आणि पुण्याच्या सनातन्यांनी त्या जिवंत माणसाची प्रेतयात्रा काढली. ज्यांच्या हाती एवढे साधन होते, त्यांना आवाजच नव्हता असे कसे म्हणावे?

११/ दुसरा मुद्दा ‘अभूतपूर्व हस्तक्षेपा’चा. पत्नीच्या वयाची मर्यादा १८६० च्या संहितेतच होती. तीस वर्षे ती लागू होती आणि तिच्याविरुद्ध असा गदारोळ झाला नव्हता. १० ची मर्यादा धर्माला चालते आणि १२ ची मर्यादा धर्म बुडवते, हे तत्त्व म्हणून टिकणारे नाही. ऋतुप्राप्ती १० ते १२ च्या दरम्यान होऊ शकते हे उत्तर दिले जाई. पण मग मुलीचे शरीर सोसू शकते की नाही, यापेक्षा संस्कार वेळेवर होण्याचे महत्त्व अधिक, असेच त्या उत्तराचे तात्पर्य निघते.

१२/ तिसरा मुद्दा ‘परकीय विरुद्ध स्वकीय’ या मांडणीचा. रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्राच्याच आधारे दाखवले की, गर्भाधान पहिल्या ऋतूलाच झाले पाहिजे असे नाही, ते पुढे ढकलता येते. रानडे व तेलंग कायद्याच्या बाजूने होते. विवाहाच्या वयाला कायद्याचा आळा हवा, हे मत जोतीराव फुल्यांनी मलबारींच्या टिपणांवरील उत्तरात आधीच नोंदवले होते. कायदेमंडळात रमेशचंद्र मित्र विरोधात बोलले, तर कृष्णाजी लक्ष्मण नूलकर बाजूने. भांडण घरातलेच होते.

१३/ टिळकांविषयी येथे न्यायाने बोलले पाहिजे. ते बालविवाहाचे समर्थक होते, असे चित्र आजही रंगवले जाते. ते चुकीचे आहे. १८९० मध्ये त्यांनी सुधारकांपुढे प्रतिज्ञापत्रच ठेवले: मुलींची लग्ने १६ आणि मुलांची २० वर्षांपूर्वी करू नयेत, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करू नये, केल्यास विधवेशी करावे, हुंडा बंद व्हावा, विधवांचे केशवपन थांबावे. सही करणाऱ्यांवर हे नियम कायद्याने बांधावेत, इतरांवर परक्या सरकारच्या हातून लादू नयेत, अशी त्यांची भूमिका होती.

१४/ विरोधी पक्षाचा हा सर्वांत सबळ युक्तिवाद. पण त्याच्या मर्मावर बोट ठेवू. प्रतिज्ञापत्रावर सही कोण करणार? जो आधीच सुधारलेला आहे तो. त्याच्या घरातील मुलीला तसेही भय नव्हते. ज्या घरात सही होणार नाही, त्या घरातील ११ वर्षांच्या मुलीला या योजनेतून काय मिळणार होते? काहीही नाही. फुलमणीच्या पतीने कोणत्या प्रतिज्ञापत्रावर सही केली असती? स्वेच्छेचे तत्त्व उदात्त खरे. पण येथे इच्छा पुरुषाची आणि शरीर मुलीचे होते.

१५/ ‘पोलीस शिपाई माजघरात शिरेल’ या भयाचेही तसेच. परक्या पोलिसांच्या वर्तनाचा अनुभव असलेल्या समाजाला ते वाटणे साहजिक होते. परंतु त्यावर उपाय त्याच कायद्यात होता: पतीविरुद्धची अशी तक्रार जिल्हा दंडाधिकाऱ्यानेच दाखल करून घ्यावी आणि तपास इन्स्पेक्टरच्या खालील अंमलदाराकडे देऊ नये. किंबहुना या बंधनांमुळे कायदा पुढे बव्हंशी कागदावरच राहिला. शिपाई माजघरात शिरला नाही. मुलीही वाचल्या नाहीत.

१६/ म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवा. ‘वृत्तपत्रांनी आंदोलकांशी प्रामाणिक व्यवहार केला काय?’ याचे उत्तर बव्हंशी नकारार्थी आहे. ‘आंदोलकांची मागणी न्याय्य होती काय?’ याचेही उत्तर माझ्या मते नकारार्थी आहे. पहिल्या उत्तराने दुसरे बदलत नाही. आपली बदनामी झाली म्हणून आपण निर्दोष ठरत नाही. निंदकाचे घर शेजारी असले तरी आपल्या घरातील केर आपणच काढावा लागतो.

१७/ सुधारणेच्या कैवाऱ्यांनीही हुरळून जाऊ नये. मागणी अन्याय्य होती म्हणून तिचे वार्तांकन आपोआप सत्य ठरत नाही. विरोधकांत जाहीरनाम्याचा आधार घेणारे होते, शास्त्रार्थ करणारे होते, परसत्तेच्या नावानेच बिथरणारे होते आणि मुलीच्या जिवाची तमा नसलेलेही होते. या सर्वांना ‘धर्मांध जमाव’ या एकाच पोत्यात कोंबणारा वार्ताहर आपल्या वाचकाला फसवत होता. त्या पोत्यालाच पुरावा मानणारा अभ्यासक आज स्वतःला फसवतो.

१८/ साधनांविषयी एक सूचना. सरकार देशी पत्रांतील निवडक मजकुराचे इंग्रजी सारांश नियमित तयार करून घेत असे. मूळ अंक दुर्मिळ झाल्याने अनेक अभ्यासक त्या सारांशांवर विसंबतात. काय निवडावे आणि कोणत्या शब्दांत उतरवावे, हे तेथे सरकारी अनुवादक ठरवी. तेव्हा ‘केसरी’चे मत सांगायचे असेल तर ‘केसरी’ वाचावा, ‘सुधारक’चे सांगायचे असेल तर ‘सुधारक’. दोन्ही मराठीत आहेत. आपल्याला सबब नाही.

१९/ आता खऱ्या पक्षपाताकडे वळू. इंग्रजी पत्रे आणि देशी पत्रे, सुधारक आणि सनातनी, यांच्या रकान्यांत शास्त्र होते, स्वराज्य होते, साम्राज्याची ‘सभ्यता’ होती. जिच्याविषयी हे चालले होते, ती मुलगी कोठे होती? फुलमणीच्या आईचे शब्द कोर्टाच्या साक्षीतून उरले. बालपत्नींच्या जखमांची वर्णने स्त्री-डॉक्टरांच्या अर्जात आली. रखमाबाईंना १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त स्वतःची व्यथा मांडताना ‘एक हिंदू स्त्री’ एवढीच सही करावी लागली.

२०/ ही उपेक्षा कायदा झाल्यावरही संपली नाही. १८९५ च्या पुण्यातील काँग्रेस अधिवेशनात सामाजिक परिषदेला मंडप मिळू नये म्हणून रान उठवले गेले आणि परिषद अन्यत्र भरवावी लागली. मुलींच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवणारा शारदा कायदा येण्यास १९२९ साल उजाडले. दरम्यान रखमाबाई लंडनला शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर स्त्रियांची सेवा केली.

२१/ तेव्हा मित्रहो, ‘माध्यमांनी दडपलेले आंदोलन’ अशा मथळ्याचा थ्रेड पुढे आला की दडपणूक खरी होती का ते अवश्य तपासा. पुष्कळदा ती खरीच निघेल. मग लगेच दुसरा प्रश्न विचारा: या मागणीचा भार कोणाच्या अंगावर पडणार होता, आणि त्या व्यक्तीला दोन्ही बाजूंच्या बातम्यांत मिळून किती ओळी मिळाल्या? १८९१ च्या त्या मोठ्या वादात ११ वर्षांच्या मुलीच्या वाट्याला आलेल्या ओळी बोटांवर मोजता येतील.