‘रोजा लागला असेल’ म्हणण्याआधी श्वास बघा

रमजानमध्ये ठाणे, मुंब्रा किंवा कल्याण स्थानकाच्या फलाटावर संध्याकाळी कुणी कोसळले, की भोवतालचे लोक पटकन म्हणतात, “रोजा लागला असेल.” मग कुणी पाण्याची बाटली पुढे करते, कुणी खजूर, कुणी कांदा फोडून नाकाशी धरते. यात हिंदू-मुसलमान असा भेद नसतो, हेतूही चांगलाच असतो. पण त्या माणसाचे हृदयच थांबले असेल, तर या धावपळीत त्याचा सगळ्यात मोलाचा वेळ निघून जातो. हृदय थांबल्यावर साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. शिळफाट्याच्या किंवा घोडबंदर रस्त्याच्या कोंडीतून तेवढ्या वेळात रुग्णवाहिका पोहोचेल, अशी खात्री आपल्याकडे कुणीही देणार नाही. म्हणजे ती मिनिटे शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्याच हातात असतात.

उपाशीपोटी किंवा उकाड्याने चक्कर आलेला माणूस श्वास घेत असतो. त्याला आडवे करून पाय थोडे उंच ठेवले, भोवतालची गर्दी हटवली, की बहुधा तो लवकरच सावरतो. हृदय थांबलेला माणूस मात्र हाक मारून, खांदे हलवूनही प्रतिसाद देत नाही आणि त्याचा श्वास चालत नाही. कधी तो मधूनच आचके देतो. त्यांना श्वास समजू नये. हे ओळखायला दहा सेकंद पुरतात. आणि शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही घालायचे नाही, मग ते झमझम असो वा गंगाजल. ते श्वासनलिकेत गेले तर जीव घेऊ शकते.

श्वास नसेल तर एकाने 108 ला फोन लावावा आणि दुसऱ्याने लगेच सीपीआर सुरू करावा. माणसाला कडक जमिनीवर उताणे झोपवायचे. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवून त्यावर दुसरा हात ठेवायचा, कोपरे ताठ ठेवायची आणि मिनिटाला 100 ते 120 या गतीने छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल असे दाबायचे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा, कारण हात लवकर थकतात. शिकलेले नसाल तर तोंडाने श्वास देण्याच्या भानगडीत पडू नका, नुसते दाबत राहा. लहान मुले आणि बुडालेली माणसे यांना मात्र श्वास देणेही महत्त्वाचे असते, म्हणूनच रीतसर शिकून घेतलेले बरे. 1960 साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ही पद्धत मांडली, तेव्हा तिचे मोठेपण हेच होते, की छाती न उघडता केवळ दोन हातांनी हृदयाचे काम काही काळ चालवता येते.

अर्धवट माहितीही कामाची नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये आम्रपाली एक्स्प्रेसमधील एका प्रवाशाला तिकीट तपासनीस सीपीआर देत असल्याची चित्रफीत रेल्वे मंत्रालयाने कौतुकाने प्रसारित केली. त्यावर अनेक डॉक्टरांनी आक्षेप घेतला, कारण तो प्रवासी शुद्धीवर दिसत होता. शुद्धीवरच्या माणसाला सीपीआर द्यायचा नसतो.

आता आमच्या घरांतून विचारले जाणारे प्रश्न. तरावीहच्या रांगेत कुणी कोसळला तर नमाज तोडावी का? फिकहच्या जुन्या ग्रंथांत याचे उत्तर आहे. समोर कुणी बुडत असेल तर नमाज सोडून त्याला वाचवावे, असे फुकहांनी सांगून ठेवले आहे. नमाज पुन्हा पढता येते. छाती दाबल्याने रोजा तुटत नाही. जीव वाचवण्यासाठी तो सोडावाच लागला, तर नंतर त्याची कजा करता येते. सूरह अल-माइदाच्या 32व्या आयतीत एक जीव वाचवण्याला साऱ्या मानवजातीला वाचवण्याचे मोल दिले आहे. तिथे त्या जीवाचा धर्म विचारलेला नाही.

दुसरा प्रश्न दबक्या आवाजात येतो: परक्या बाईच्या छातीला हात कसा लावायचा? हा संकोच फक्त आमचा नाही. सार्वजनिक जागी कोसळलेल्या स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी वेळा सीपीआर मिळतो, असे परदेशी पाहण्यांतही दिसले आहे. शरीअतमध्ये जीव वाचवण्याची निकड असली की एरवीची मनाई उठते. पुरुष डॉक्टरपुढे जाण्याच्या संकोचापायी बायका आजार सोसतात, ही खंत घेऊन आनंदीबाई जोशी सातासमुद्रापार शिकायला गेल्या आणि 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांचा जन्म कल्याणचा. त्यांच्या गावात तरी संकोचापायी कुणाचा जीव जाऊ नये.

पोलिसांच्या ससेमिऱ्याची भीतीही आता बाळगायला नको. अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2016 मध्ये शिक्कामोर्तब केले. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी 134-अ हे कलम आले. अपघाताखेरीज इतर प्रसंगीही, संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचे कलम 30 संरक्षण देते.

म्हणजे दीन आड येत नाही, कायदाही नाही. कमी आहे ती हातांच्या सरावाची. केंद्र सरकारने 6 डिसेंबर 2023 रोजी सीपीआर प्रशिक्षणाचा देशव्यापी कार्यक्रम घेतला, पण एका दिवसाच्या कार्यक्रमाने गल्लीबोळातले हात तयार होत नाहीत. हे काम मोहल्ल्यानेच करायला हवे. राबोडी, मुंब्रा, कौसा, कल्याणचा दूधनाका इथल्या मशिदींच्या कमिट्यांनी या रमजानमध्ये एका रविवारी असर आणि मगरिबच्या मधला तास यासाठी द्यावा. परिसरातले डॉक्टर आणि सरावाचा पुतळा बोलवावा, स्त्रियांची वेगळी सोय करावी आणि शेजारच्या सोसायट्यांना, रिक्षा स्टँडला, गणेश मंडळाच्या पोरांनाही बोलावणे धाडावे. तास संपला की सगळ्यांनी मिळून इफ्तार करावा. पुढाऱ्यांच्या फोटोंसाठी होणाऱ्या इफ्तार पार्ट्यांतल्या एकीचा खर्च वाचवला, तरी हे सहज जमेल. आणि भाद्रपदात मंडळांनी असाच तास ठेवला, तर आम्हीही येऊ.