आमच्या वस्तीतून जाणारा त्यांचा शॉर्टकट

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतला रस्ता सिमेंटचा झाला. नारळ फुटला, माजी नगरसेवकांचे फ्लेक्स लागले, आपण टाळ्याही वाजवल्या. खड्डे बुजवा म्हणून निवेदनं आपणच दिली होती ना! पण महिन्याभरात कळलं, की रस्ता आपल्यासाठी झालेलाच नव्हता. वस्तीमागे टॉवर उभे राहिलेत. तिथून सिग्नल चुकवून हमरस्त्याला लागायची सगळ्यात जवळची वाट म्हणजे आमची गल्ली. आता मोबाइलचा नकाशाही तीच वाट दाखवतो.

वर्षावासात संध्याकाळचं ग्रंथवाचन ऐकून विहारातून घरी निघालेल्या एका आजीला मोटारीनं उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. गाडीवाला खाली उतरून म्हणाला, "त्याच अचानक आडव्या आल्या." आजी तीस वर्षं त्याच जागी रस्ता ओलांडतात. अचानक आली ती गाडी. त्यांची सून त्याच टॉवरमध्ये धुणीभांडी करते. सासूजवळ थांबायला तिला दोन घरची कामं सोडावी लागली. तडजोडीत मिळालेले पैसे एक्स-रे आणि औषधांतच संपले.

गतिरोधक मागायला गेलो तेव्हा साहेब तोंडी म्हणाले, "रुग्णवाहिकेला अडथळा होतो, परवानगी मिळत नाही." बरं. मग पलीकडच्या बंगल्यांच्या लेआउटमध्ये पन्नास-पन्नास पावलांवर गतिरोधक कसे? तिथला रस्ताही महापालिकेचाच, तरी त्याला गेट आहे, वॉचमन आहे, 'फक्त रहिवाशांसाठी' अशी पाटी आहे. तिथल्या लोकांना रुग्णवाहिका लागतच नाही की काय?

इथे कुणीतरी म्हणणारच, "तुम्ही वाहतुकीतही जात आणता." जात आम्ही आणलेली नाही, ती रस्त्यावर आधीपासूनच आहे. १९२४ साली वायकोमचा सत्याग्रह झाला तो देवळाभोवतीच्या रस्त्यावरून नुसतं चालता यावं म्हणून. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीला 'रस्ते' हा शब्द आहे, तो उगाच नाही. सार्वजनिक पैशातून राखलेल्या रस्त्याच्या वापरावर जातीच्या कारणानं बंधन घालता येणार नाही, असं ते कलम सांगतं. आज कुणी आमची जात विचारून अडवत नाही हे खरं. पण कुठल्या रस्त्याला गेट लावायचं आणि कुठल्या रस्त्यावर गाड्या सोडायच्या, हे ठरवताना तिथे कोण राहतं ते बरोबर पाहिलं जातं.

दुसरा शहाणपणा म्हणजे "मुलांना आवरा, रस्ता काय खेळायला आहे?" दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात. अंगण रुंदीकरणात गेलं. फुटपाथ केलाच नाही. दार उघडलं की पाऊल थेट सिमेंटवर पडतं. ताशी ५० किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे येते. उंबऱ्यातून उतरणाऱ्या पोरानं आवरायचं ते किती?

कायद्याचंही ऐका. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं महापालिका हद्दीत मोटारींना ताशी ७० ची कमाल मर्यादा दिली. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२(२) खाली सार्वजनिक सुरक्षेसाठी ती कमी करता येते. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यानं पायी चालणारे आणि वाहनं जिथे एकत्र येतात तिथे ताशी ३० ची मर्यादा सुचवली. पादचाऱ्यांसाठी फुटपाथ हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये सांगितलं. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. ती कोणत्या वस्तीतली, हे सरकारी अहवाल सांगत नाही.

आता आपल्या घरचंही बोलू. सायलेन्सर काढलेल्या बाइक टॉवरमधून येत नाहीत. १४ एप्रिलच्या रात्री विहारासमोरून रेस लावणारी पोरं आपलीच असतात, आणि आपण कौतुकानं व्हिडिओ काढतो. बाबासाहेबांचा झेंडा लावलेल्या बाइकखाली आपलीच आजी आली तर तडजोड कुणाशी करणार? आणि फुटपाथ मागायच्या वेळी आपण स्वागत कमान मागितली, हेही विसरू नका. कमान मिळाली. तिच्या खांबामुळे आता वळणावरची गाडी दिसत नाही.

मागण्या साध्या आहेत. ताशी ३० ची पाटी, विहार आणि अंगणवाडीसमोर उंच केलेलं क्रॉसिंग, दोन्ही बाजूंना फुटपाथ, अवजड वाहनांना बंदी. नाही म्हणायचं असेल तर कारणासह लेखी म्हणा. त्यासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आहे. पोलिसांकडे नोंद न झालेल्या अपघातांची यादी महिला मंडळ घरोघर जाऊन करतंय. रविवारी सकाळी वंदनेनंतर टेप घेऊन रस्ता मोजायचा आहे. बाइकवाल्या पोरांनी आधी यावं, गाडी घरी ठेवून.