'प्रेरणा कोण?' नको, 'हे कसं केलंत?' विचारा



आज जरा वेगळा विषय. आमच्या नात्यातल्या काहींना धक्का बसेल, पण बसू दे. विषय आहे रॉक संगीत.

वर्तमानपत्रात एखाद्या मराठी मुलांच्या रॉक बॅंडची मुलाखत आली की मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. बहुतेक वेळा प्रश्न ठरलेले असतात. तुमची प्रेरणा कोण? बॅंडचं नाव असं का ठेवलंत? घरच्यांचा विरोध होता का? आणि शेवटी, आजच्या तरुणाईला काय संदेश द्याल? झाली मुलाखत! त्या मुलांनी वर्ष-दीड वर्ष खपून आठ-दहा गाण्यांचा अल्बम केलेला असतो. त्यातल्या एकाही गाण्याबद्दल एक ओळ नसते. ते कसं बांधलं, कुठे अडलं, काय टाकून दिलं, काहीच नाही.

मी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. कवितेचं रसग्रहण लिहा म्हटल्यावर एखाद्या मुलाने कवीचं गाव, शिक्षण आणि नोकरी लिहून दिली तर मी त्याला गुण देत नसे. 'कवितेत काय आहे ते सांग,' एवढंच म्हणत असे. रॉकच्या बाबतीत मात्र आपण सगळे त्या मुलासारखेच उत्तर लिहितो आहोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुण्याचंच उदाहरण घ्या. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे. त्याबद्दल दुसऱ्या दिवशी छापून येतं ते कसं असतं? अमुक गायकाने मारवा घेतला, विलंबित एकतालात बढत छान झाली, द्रुतमध्ये जरा घाई केली. वाचणाऱ्याला काहीतरी कळतं, गाणाऱ्यालाही. याच शहरात डिसेंबर २०१० मध्ये कोरेगाव पार्कात एनएच सेव्हन वीकेंडर हा मोठा रॉक महोत्सव सुरू झाला. त्याच्या ज्या बातम्या माझ्या वाचनात आल्या त्यात गर्दी होती, कपडे होते, खाण्याचे स्टॉल होते. ताल-सूर नव्हते.

बरं, असं लिहिण्याची आपल्याकडे परंपरा नाही म्हणावं, तर तसंही नाही. प्रा. बी. आर. देवधर आठवा. पलुसकरांचे शिष्य आणि कुमार गंधर्वांचे गुरू. ते थोर थोर गवयांना जाऊन भेटले, त्यांच्याशी तासन् तास बोलले, आणि त्यातून 'थोर संगीतकार' सारखं पुस्तक मराठीला मिळालं. आवाज कसा कमावला, रियाज कसा केला, गुरूने काय सांगितलं आणि काय लपवलं, असले प्रश्न त्यांना पडत. देवधरांनी पाश्चात्त्य संगीताचा आणि आवाज-साधनेच्या शास्त्राचाही अभ्यास केला होता, हे विशेष. वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' १९६१ साली आलं. गाण्यात नेमकं काय घडतं ते साध्या वाचकाला समजावणारी भाषा मराठीत आहे, हे त्या पुस्तकानेही दाखवून दिलं. मग ती भाषा रॉकला का वापरायची नाही?

मी वापरून पाहते. आमच्या खडकीत दारूगोळा कारखान्यातल्या कामगारांची मुलं-नातवंडं पुष्कळ. त्यातले काही माझे विद्यार्थी, आता त्यांची मुलं वाजवती झाली आहेत. एक ड्रम वाजवतो, एक गिटार. ती मला 'आजी' म्हणतात, आणि मी त्यांना एकच प्रश्न विचारते : 'हे कसं केलंत?' त्या एका प्रश्नाने मुलं जी खुलतात! नोकरीचं विचारलं की एका शब्दात उत्तर देणारा मुलगा तासभर बोलतो.

गिटारवाल्याकडून मला कळलं ते सांगते. रॉकमधली गिटार 'फाटलेली' वाजते, ती मुद्दाम. त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. आवाज असा फाडला की प्रत्येक स्वराबरोबर त्याचे उपस्वर उसळून वर येतात. अशा वेळी सा, ग, प हे तिन्ही स्वर एकदम छेडले तर नुसती गिचमिड होते. म्हणून मधला गंधार काढून टाकायचा. उरतात फक्त सा आणि प. याला ते पॉवर कॉर्ड म्हणतात. मी म्हटलं, अरे, हा तर आपला तंबोरा! तोही षड्ज-पंचमाचाच. पुढची गंमत अशी, की गंधार नसल्यामुळे तो शुद्ध की कोमल हे गिटार सांगतच नाही. सुरावट हसरी की उदास, हे ठरवायचं काम गाणाऱ्याच्या गळ्यावर येऊन पडतं. हे कळल्यापासून मी गिटारचा गोंगाट चालू असताना गळा कुठल्या गंधारावर जातो तिकडे कान लावते. तुम्हीही लावून पाहा.

ड्रमवाला गणपतीत ताशा वाजवायचा. ताशाच्या तर्रीने मनगट तयार झालेलं, ते त्याला ड्रमवर उपयोगी पडलं. पाय मात्र नव्याने शिकवावे लागले, कारण ड्रममध्ये दोन्ही पायही वाजवत असतात. आणि रेकॉर्डिंगला सगळे एकत्र बसतात असंही नाही. बहुतेक वेळा आधी ड्रम, मग बेस, मग गिटार आणि शेवटी गळा. ड्रमवाल्याच्या कानात टिक्-टिक् चालू असते, तिला क्लिक म्हणतात. आपल्या तबलजीला निदान लेहऱ्याची सोबत असते, याला नुसती टिकटिक. ती पाळायची आणि तरी गाणं मेलेलं वाटू द्यायचं नाही, हेच सगळ्यात कठीण, असं तो म्हणाला. मला हे वाक्य कुठल्याही 'संदेशा'पेक्षा मोलाचं वाटतं.

आता एका अल्बमबद्दल. मुंबईच्या साहिल मखिजांचा डेमोनिक रिझरेक्शन हा बॅंड. नावावर जाऊ नका! २०१७ मध्ये त्यांचा 'दशावतार' हा अल्बम आला. दहा गाणी, दहा अवतार, मत्स्यापासून कल्कीपर्यंत क्रमाने. मी शीर्षकं पाहिली आणि कागद-पेन्सिल घेऊन बसले. पहिल्यांदा नुसतं ऐकलं, दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून, तिसऱ्यांदा फक्त ठेका. यात गुरगुरणारा गळा आहे आणि सरळ, स्वच्छ गळाही आहे. ती गुरगुर म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे. ती मुख्य स्वरतंतूंच्या वरच्या घड्यांमधून काढतात, खाली श्वासाचा भक्कम आधार ठेवून. चुकीच्या पद्धतीने केली तर घसा कायमचा जाईल. आपल्या कोकण-गोव्याच्या दशावतारात संकासुर येतो तेव्हा त्याला काय लता मंगेशकरांचा आवाज देतात? नृसिंहाच्या गाण्यात गुरगुर शोभते, हे कोणीही मान्य करील.

पण माझं सगळंच कौतुक नाही. दहाही अवतारांना जवळजवळ सारखाच जोर लावला की वामन आणि वराह यांच्यात फरक उरत नाही. बटू तीन पावलं जमीन मागतो तेव्हा तरी थोडी शांतता हवी होती. दुसरं, नववं गाणं बुद्धावर आहे. महाराष्ट्रात जुन्या दशावतारांच्या चित्रांत नवव्या जागी पुष्कळदा विठोबा उभा असतो. आणि बुद्ध हा विष्णूचा अवतार मी मानणार नाही, ही तर १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांतली पाचवी प्रतिज्ञा. तेव्हा 'नववा बुद्धच का घेतलात?' हा प्रश्न या कलावंतांना मराठी माणसाने विचारायलाच हवा. मखिजांचा स्वतःचा स्वयंपाकाचा कार्यक्रम होता, त्यात ते बॅंडवाल्यांना बोलावून पदार्थ करता करता गप्पा मारत. कढईसमोर माणूस खरं बोलतो, हे आम्हा बायकांना फार पूर्वीपासून माहीत आहे.

'हे संगीत परकं आहे हो,' असं आमचे एक व्याही म्हणतात. पेटी तरी कुठली? १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली होती, आज तिच्याशिवाय आपलं भजन होत नाही. परकं-आपलं हे वाद्यावर ठरत नाही. त्या वाद्याबद्दल आपण आपल्या भाषेत बोलतो का, यावर ठरतं.

हे सगळं मी तळमळीने लिहिते त्याला कारण आहे. खडकीतल्या ज्या मुलांबद्दल मी वर लिहिलं, त्यांचा बॅंड आता राहिलेला नाही. एक अल्बम केला, तो नेटवर चढवला. ओळखीच्यांनी 'मस्त!', 'भारी!' असं लिहिलं आणि विषय संपला. एक जण बंगळुरूला नोकरीला गेला, एकाचं लग्न झालं. यात दुःख करण्यासारखं फारसं नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण त्या अल्बममध्ये सात मात्रांचं एक गाणं होतं, सरळ सरळ रूपकाच्या वजनाचं. ते सात का, हे त्यांना कोणीही विचारलं नाही. ड्रमवाला म्हणाला, 'आजी, कोणी वाईट म्हणालं असतं तरी चाललं असतं. पण त्यासाठी ऐकावं लागतं ना.'

मला वाटतं, 'भारी' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. त्यापेक्षा 'तिसऱ्या गाण्याचा मुखडा लांबला' असं म्हणणारा एक माणूस प्रत्येक बॅंडला मिळायला हवा. त्यासाठी इंग्रजी यावं लागत नाही, गिटारही यावी लागत नाही. सम कुठे येते, ठेका कधी मोडतो, शब्द सुरावर बसले की कोंबले, हे आपल्यातल्या पुष्कळांना कळतं. भजनी मंडळात बसलेल्या प्रत्येकीला कळतं.

तेव्हा तुमच्या घरात, सोसायटीत, भावकीत एखादा मुलगा किंवा मुलगी गिटार पाठीला लावून ये-जा करत असेल, तर त्यांचं गाणं मागून घ्या. तीनदा ऐका. मग चहाला बोलवा आणि विचारा, 'हे कसं केलंत?' आणि आवडलं नाही तर कुठे आणि का आवडलं नाही, तेही सांगा. मुलं रागावत नाहीत, स्वानुभव आहे.