उरलेल्या बाटल्यांचा संग्रह

घरी व्हिस्कीचा संग्रह बाळगणाऱ्या गृहस्थाच्या अभिरुचीचे अनुमान त्याच्या कपाटावरून काढू नये, असे माझे बऱ्याच निरीक्षणांती मत झाले आहे. कारण जी व्हिस्की त्या गृहस्थाला मनापासून आवडली ती मित्रमंडळींच्या दोनतीन बैठकींतच संपली, तिचा रिकामा खंबा भंगारवाल्याने नेला, आणि मागे राहिले ते त्याला न आवडलेले, किंवा एक पेग घेऊन ‘पुढे केव्हातरी बघू’ अशा संदिग्ध शेऱ्यानिशी बूच लावून ठेवलेले. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ज्या दिवाणखान्यांत अशी काचेची कपाटे आतल्या दिव्यांसह सुतारांकडून मुद्दाम करवून घेतलेली आढळतात, तेथे पाहुण्यांपुढे मोठ्या अभिमानाने सादर होते ती वस्तुतः यजमानाच्या नापसंतीची यादी असते.

ही यादी वाढते कशी, हे पाहिले म्हणजे निराशेचे सगळेच खापर बाटलीवर फोडता येत नाही. अंधेरीला खेटून सहारचा विमानतळ आहे, आणि परदेशाहून येणाऱ्या प्रौढ उतारूस २ लिटर मद्य विनाजकात आणण्याची मुभा सरकारने दिलेली आहे. तेव्हा दुबईहून परतलेला मेहुणा, न्यू जर्सीहून सुटीवर आलेला भाचा, कंपनीच्या कामासाठी सिंगापूरला जाऊन आलेला शेजारी, असे सगळे जण अपरात्री, डोळ्यांवर झोप असताना आणि बॅगा पट्ट्यावर यायच्या असताना, ड्यूटी-फ्रीच्या झगझगीत दुकानातून एकेक लिटरच्या दोन बाटल्या उचलतात. निवडीचा निकष म्हणाल तर खोका जड असावा, त्यावर सोनेरी अक्षरे असावीत, आणि दोन घेतल्यास काही सूट असावी, एवढाच. विमानतळावरील दुकानांसाठी म्हणून खास काढलेल्या व्हिस्क्यांपैकी अनेकींवर वयाचा उल्लेख नसतो. तो नसणे बेकायदा नव्हे, कारण ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरलेली आणि बाटलीत किमान ४० टक्के मद्यार्काची असली म्हणजे स्कॉचचा कायदा तृप्त होतो, आणि रंग एकसारखा दिसावा म्हणून तीत करपवलेल्या साखरेचा रंग मिसळण्यासही तो हरकत घेत नाही. सबब गडद रंगावरून दीर्घकाळ मुरल्याचे अनुमान काढणारा भाचा फसतो, आणि त्याच्या प्रेमाखातर मामा ती गोष्ट तोंडातून काढीत नाही.

दुकानातून रोख पैसे मोजून आणलेल्या बाटलीची कथा निराळी, आणि माझ्या मते अधिक उद्बोधक आहे. परदेशी व्हिस्कीवर वर्षानुवर्षे केंद्राची १५० टक्के आयात जकात, आणि तिच्यावर पुन्हा राज्य उत्पादन शुल्क खात्याची आकारणी. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने आयात स्कॉचवरील आपले विशेष शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले, आणि प्रचलित स्कॉचच्या किमती एकतृतीयांशाहून अधिक खाली आल्या. सरकारचा हिशेब असा होता की वर्षाला सुमारे १ लाख बाटल्यांचा खप अडीच लाखांवर जाईल आणि १०० कोटींचा महसूल २५० कोटी होईल. महसुलाच्या दृष्टीने तजवीज चोख होती यात संशय नाही. पण ज्या गृहस्थाने त्याच वर्षी दिवाळीपूर्वी भरमसाट पैसे मोजून बाटली घेतली आणि ज्याने नाताळात तीच बाटली कितीतरी कमी पैशांत घेतली, त्या दोघांच्या पेल्यांत पडलेला द्रव एकाच कारखान्यातला, एकाच मिश्रकाच्या हातचा होता, आणि तरीही पहिला गृहस्थ आजतागायत ती बाटली विशेष प्रसंगासाठी राखून आहे. किंमत ठरली मंत्रालयात, आणि तिचे श्रेय मात्र स्कॉटलंडच्या झऱ्यांना मिळाले! भारत आणि ब्रिटन यांच्यात २४ जुलै २०२५ रोजी ज्या व्यापारी करारावर सह्या झाल्या, त्यात १५० टक्क्यांची जकात प्रथम ७५ वर आणि दहा वर्षांच्या अवधीत ४० वर आणण्याचे ठरले आहे. त्याच वर्षी जून महिन्यात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क वाढविण्याचा निर्णय घेतला, आणि तेही मद्य त्यामुळे चवीला काडीइतके सुधारले नाही. किमतीला गुणवत्तेचे प्रमाणपत्र समजणाऱ्यांनी हे दोन निर्णय शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

आणखी एक कारण आपल्या मातीतले आहे. आपल्याकडे व्हिस्की म्हणून खपणाऱ्या मद्याचा मोठा भाग पिढ्यान्‌पिढ्या उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कात थोडी माल्ट व्हिस्की मिसळून तयार होत आला आहे. युरोपचा कायदा मळीच्या मद्यार्काला व्हिस्की म्हणू देत नाही, पण सहकारी साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात जिभेवर पहिले संस्कार झाले ते त्याचेच. त्या मऊ, गोडसर आणि सोड्यात विरघळून जाणाऱ्या पेयावर वाढलेल्या जिभेपुढे पन्नाशीत अकस्मात एखादी धुरकट सिंगल माल्ट आली, म्हणजे तिचे भांबावणे स्वाभाविकच होय. स्कॉटलंडच्या पश्चिमेस आयला नावाचे एक बेट आहे (उच्चार असाच आहे, प्रस्तुत लेखकाचा त्यात दोष नाही). तेथे मोड आणलेले जव पीट नावाच्या, दलदलीत साचलेल्या वनस्पतिजन्य मातीच्या धुरावर वाळवितात, आणि त्या धुरातील फेनॉलवर्गीय द्रव्यांमुळे लॅफ्रोएगसारख्या व्हिस्कीला डांबर, आयोडीन आणि इस्पितळातील मलमपट्टीची खोली यांची आठवण करून देणारा वास येतो. जाणकारांना तो प्राणप्रिय. आमच्या मुलुंडातील एका स्नेह्याने मात्र पहिल्याच घोटाला ‘जखमेवर लावायचं औषध आहे का हो हे?’ असा प्रश्न केला, आणि ती बाटली तेव्हापासून वरच्या फळीवर विराजमान आहे. गंमत अशी की या राज्यात आयुष्यभराचा मद्यपरवाना काढला तर तो ज्या सदराखाली मिळतो ते सदर प्रकृतिस्वास्थ्याच्या रक्षणाचेच आहे! मोरारजीभाईंच्या काळातील १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा तो वारसा. कायद्याच्या दृष्टीने आपण सगळे रुग्णच आहोत, आणि म्हणून औषधाचा वास येणाऱ्या व्हिस्कीबद्दल महाराष्ट्रात तरी कोणी तक्रार करू नये.

वयाच्या आकड्यानेही अशीच दिशाभूल होते. १८ हा आकडा १२ पेक्षा मोठा असल्यामुळे व्हिस्कीही दीडपट चांगली असली पाहिजे, ही समजूत दुकानदार दूर करीत नाही. पिंपात मुरणे हवेवर अवलंबून असते. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातील सुमारे २ टक्के द्रव दरसाल उडून जातो, तर बंगळुरूच्या अमृत किंवा दक्षिण गोव्यातील कुंकळ्ळीच्या पॉल जॉन या कारखान्यांत तो कितीतरी पट अधिक उडतो, लाकडाचा अंश मद्यात लवकर उतरतो, आणि तेथील व्हिस्की कोवळ्या वयात प्रौढ होते. जिम मरे या इंग्रज परीक्षकाने आपल्या २०१० च्या वार्षिक ग्रंथात अमृत फ्यूजनला १०० पैकी ९७ गुण देऊन जगात तिसरे स्थान दिले, तेव्हा तिच्यावर वयाचा आकडा नव्हता. त्यानंतर ती अनेकांनी घेतली, आणि त्यांतील कित्येकांना ती आवडली नाही, हेही खरे. परीक्षकाची जीभ आपल्या तोंडात नसते.

आता जतनाविषयी. द्राक्षासव बाटलीत कालांतराने सुधारते, या ऐकीव ज्ञानाचा विस्तार व्हिस्कीपर्यंत करून लोक वर्षानुवर्षे बाटल्या सांभाळतात. वस्तुतः पिंपातून बाटलीत उतरताच व्हिस्कीचे मुरणे संपते, आणि १२ वर्षांची व्हिस्की कपाटात आणखी १० वर्षे राहिली तरी १२ वर्षांचीच राहते. पुढे तिच्या बाबतीत होते ते केवळ वाईटच. बूच उघडले की हवा आत शिरते. बाटली अर्ध्याखाली आली की ती हवा मद्यापेक्षा अधिक होते आणि काही महिन्यांत सुगंध निस्तेज पडतो. वाइनच्या अनुकरणाने बाटली आडवी ठेविली तर तीव्र मद्यार्क बुचाला खातो. बोरिवलीच्या पश्चिमाभिमुख खिडकीसमोर, दुपारच्या उन्हात आणि पावसाळ्याच्या दमटीत, या सर्व क्रिया यथासांग पार पडतात. वर उल्लेखिलेल्या स्नेह्याकडेच मी एक बहुत वर्षे राखलेली बाटली उघडताना पाहिली आहे: बूच पिळताच त्याचा वरचा लाकडी गड्डा हातात आला, उरलेला भाग गळ्यात अडकून बसला, सुरीने टोकरता टोकरता त्याचा भुगा आत पडला, आणि अखेर वहिनींनी स्वयंपाकघरातून चहाची गाळणी आणून ती व्हिस्की काचेच्या जगात गाळली. ग्लासाच्या तळाशी तरीही तपकिरी कण राहिलेच. ‘भावजी, यांतल्या निदान चारपाच तरी आज संपवून जा,’ वहिनी म्हणाल्या, ‘दर दिवाळीला मलाच पुसाव्या लागतात.’ त्या संग्रहाविषयी इतका व्यवहार्य अभिप्राय दुसऱ्या कोणाकडून मी ऐकलेला नाही.

काही धूर्त मंडळी यावर गुंतवणुकीचा मुद्दा काढतात. लंडन-एडिंबरोला जुन्या बाटल्यांचे लिलाव होतात, क्वचित लाखो पौंड मिळतात, तेव्हा न आवडली तरी ठेवावी, भाव येईल, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो येथे टिकत नाही, कारण विनापरवाना मद्य विकणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. आपल्या कपाटातील बाटली शेजाऱ्याला खरेदीच्याच भावाने दिली तरी ती विक्रीच ठरेल, आणि लिलाव तर दूरच राहिला. शिवाय व्यक्तिगत परवान्यावर महिन्याकाठी १२ युनिटांची मर्यादा आहे, आणि ज्यांची कपाटे तीनमजली आहेत त्यांनी आपला परवाना, असल्यास, एकदा चष्मा लावून वाचावा. पंचनाम्यात त्या संग्रहाला ‘मुद्देमाल’ म्हणतात.

तेव्हा या नावडत्या बाटल्यांचे करावे काय? माझे उत्तर असे की निःशंकपणे मिसळाव्यात. ही सूचना ऐकून सिंगल माल्टचे उपासक कानांवर हात ठेवतील, तथापि स्कॉच व्हिस्कीचा जगभरचा लौकिक मिश्रणावरच उभा राहिलेला आहे. जॉन वॉकरने १८२० मध्ये किलमार्नॉक येथे थाटले ते वाणसामानाचे दुकान होते; १८६० च्या कायद्याने माल्ट आणि धान्याची व्हिस्की शुल्क भरण्यापूर्वी एकत्र करण्यास मोकळीक मिळाल्यावर तेथील व्यापाऱ्यांनी पिंपापिंपांतील उग्रता आणि फिकेपणा एकमेकांत जिरवून दरवेळी सारखीच लागेल अशी व्हिस्की बनविली, आणि त्याच खटपटीतून पुढची साम्राज्ये निघाली. एक धुरकट नावडती, दोन गोडसर नावडत्या, असे प्रमाण प्रथम ग्लासात चमच्याने अजमावून मग एका स्वच्छ बाटलीत भरले तर बहुधा पिण्याजोगे काही तयार होते. न झाल्यास सोडा आणि लिंबू आहेतच, शिवाय गांधी जयंतीसारखा एखादा ड्राय डे येतोच, त्या दिवशी चोखंदळपणाची पातळी आपोआप खाली येते.

मूळ दोष मात्र खरेदीच्या पद्धतीत आहे, आणि तेथे सरकारला काही करण्याजोगे आहे. वाइन शॉपच्या जाळीआडून पाच-सात हजारांची सिंगल माल्ट न चाखता, न हुंगता, केवळ खोक्यावरून घ्यावी लागते. सामान्य देशी व्हिस्की पाहा: ती ९० मिलिलिटरच्या नव्वदीत मिळते, १८० च्या क्वार्टरमध्ये मिळते, जोगेश्वरीच्या कामगाराला नवी छाप अजमावायची तर त्याचे फार थोडे पैसे जोखमीत असतात, आणि न आवडल्यास तो पुढच्या वेळी निराळी घेतो. लोखंडवालातील साहेबाला मात्र संपूर्ण खंबाच उचलावा लागतो, कारण उत्तम माल्ट क्वार्टरमध्ये क्वचितच दृष्टीस पडते. उत्पादन शुल्क खात्याने अशा लहान बाटल्यांना उत्तेजन दिले आणि निवडक दुकानांना दहा मिलिलिटरचा घोट चाखविण्याचा स्वतंत्र परवाना, हवे तर वेगळे शुल्क आकारून, दिला, तर महसूल बुडणार नाही. तोपर्यंत परमिट रूममध्ये बसून ३० मिलिलिटर मागवावी. सहारच्या आसपासच्या हॉटेलांत तिचे बिल पाहून कपाळाला आठ्या पडतील, पण अख्ख्या बाटलीच्या हिशेबाने ते किरकोळच आहे. आणि जेथे तीही मिळत नाही तेथे सोसायटीतील चौघा समविचारी, परवानाधारक गृहस्थांनी वर्गणी काढून एक बाटली आणावी आणि त्याच संध्याकाळी तिचा निकाल लावावा. ती कोणाच्या घरी उघडायची, एवढाच प्रश्न मग वहिनींच्या संमतीसाठी शिल्लक राहतो.