क्रीडापटूची मनःप्रतिमा आणि वैद्याचा सल्ला

डिसेंबरमध्ये मालवणच्या चिवला किनाऱ्यावर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते. तिच्या मागेपुढे शालेय कबड्डी-खोखोचे सामनेही सुरू असतात. या दिवसांत आपल्या जिल्ह्यातील दवाखान्यांत आणि औषधांच्या दुकानांत पालकांची एक मागणी हमखास येते, ती म्हणजे मुलाच्या एकाग्रतेसाठी काहीतरी द्या. आपण ब्राह्मी वा शंखपुष्पी लिहून देतो, दुकानदार त्याच नावाची बाटली पुढे करतो, आणि सर्वांचे समाधान होते. या औषधांच्या गुणांविषयी शंका घेण्याचा येथे हेतू नाही. परंतु स्पर्धेला आठ दिवस उरले असताना खेळाडूच्या मनाला जे हवे असते ते बाटलीतून मिळत नाही, आणि जे देणे आपल्या शास्त्राला शक्य आहे ते आपण देत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष हालचाल न करता ती मनात जशीच्या तशी करून पाहणे, यास क्रीडा-मानसशास्त्रात मनःप्रतिमेचा सराव म्हणतात. फेल्ट्झ आणि लँडर्स या अमेरिकन संशोधकांनी १९८३ साली या विषयावरील साठ अभ्यास एकत्र तपासले. मनातला सराव काहीच न करण्यापेक्षा निश्चित उपयोगी ठरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. मात्र मैदानावरील सरावाची जागा तो घेऊ शकत नाही, हेही तितकेच खरे. महाराष्ट्रात हा विषय रुजवला तो नाशिकच्या भीष्मराज बाम यांनी. पोलीस सेवेतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी योगशास्त्राच्या आधारे नेमबाजांपासून क्रिकेटपटूंपर्यंत अनेकांना मार्गदर्शन केले. ‘विजयाचे मानसशास्त्र’ हे त्यांचे पुस्तक मराठीतच आहे. २०१७ साली ते निवर्तले. योगाच्या अंगाने एक पोलीस अधिकारी जे करू शकला, ते सत्त्वावजय चिकित्सेचा वारसा सांगणाऱ्या वैद्यवर्गाने का करू नये?

येथे एक सावधगिरी हवी. ‘डोळे मिटा आणि स्वतःला जिंकताना पाहा’ हा सरसकट सल्ला जवळजवळ निरुपयोगी आहे. खेळ बदलला की मनात काय आणायचे तेही बदलते.

नेमबाजाचे उदाहरण घ्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून नेम साधावा लागतो. लक्ष्य हलत नाही, प्रतिस्पर्धी आडवा येत नाही. जे काही बिघडायचे ते स्वतःच्या श्वासात, खांद्यात किंवा बोटात बिघडते. म्हणून अशा खेळाडूने स्वतःच्याच डोळ्यांतून, आतून, एका गोळीपुरता क्रम पुन्हा पुन्हा मनात करायचा असतो.

मल्लखांबाचे तसे नाही. तेथे शरीराची आकृती बाहेरून कशी दिसते यावर गुण असतात. हार्डी आणि कॅलो यांनी १९९९ साली दाखवून दिले की, जेथे आकृतीला महत्त्व आहे तेथे स्वतःला बाहेरून, प्रेक्षकाप्रमाणे पाहणे अधिक उपकारक ठरते. आणि तरीही दृष्टिहीन मुली मल्लखांबाची प्रात्यक्षिके करतात, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. मनःप्रतिमा म्हणजे केवळ चित्र, हा समज त्यामुळे आपोआप गळून पडतो. स्पर्श, तोल, मांडीला जाणवणारा लाकडाचा दाब, हीसुद्धा प्रतिमाच होय. कुस्तीत तर डोळ्यांपेक्षा पकडीतील हातालाच प्रतिस्पर्ध्याचा बेत आधी कळतो.

कबड्डी-खोखोत ठरावीक क्रम आठवून भागत नाही. चढाईपटूने मनात प्रसंग मांडायचा : डावा कोपरारक्षक पुढे सरकला तर काय, साखळी मागून आवळत आली तर काय. आणि आपल्या किनाऱ्यावरचा सागरी जलतरणपटू? तलावात तळाची काळी रेघ वाट दाखवते, समुद्रात ती नसते. लाट उचलते, खाऱ्या पाण्याची चूळ तोंडात येते, मान वर करून खूण शोधावी लागते, ओढ अंगाला बाजूला नेते. तलावात तयार झालेल्या मुलाने मनातही तलावच पोहला, तर चिवल्याच्या पाण्यात उतरल्यावर पहिल्या शंभर हातांतच त्याचा श्वास बिघडेल. त्याने आदल्या दिवशी किनाऱ्यावर बसून, खरा वारा अंगावर घेत, खऱ्या वेगाने, घाई न करता ती पोहणी मनात पार करावी. होम्स आणि कॉलिन्स यांनी २००१ साली मांडलेल्या पद्धतीचाही गाभा हाच आहे : मनातला सराव शरीरस्थिती, स्थळ, काल आणि भावना या सर्व बाबतींत प्रत्यक्षाच्या जितका जवळ, तितका उत्तम.

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. चरकाचार्यांनी शारीरस्थानात मनाचे विषय सांगताना चिंत्य, विचार्य, ऊह्य, ध्येय आणि संकल्प्य असे पाच भेद केले आहेत. नेमबाजाचा सराव ध्येयाच्या जवळ जातो आणि चढाईपटूचा ऊह्याच्या, असे मला वाटते. हे माझे अर्थघटन आहे, ग्रंथाचे वचन नव्हे. ‘हे सारे आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणून हात झटकण्याची आपली सवय मला मान्य नाही. संहितांत बीज आहे, पण खेळागणिक पद्धत तेथे नाही. ती आजच्या संशोधनातूनच घ्यावी लागेल. सत्त्वावजयाचे मात्र तसे नाही. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे, ही त्याची व्याख्या येथे थेट लागू पडते. गोल्फच्या एका प्रयोगात (१९८५) चेंडू हुकल्याची कल्पना करणाऱ्यांची कामगिरी खरोखरच खालावली. ‘गेल्या वर्षी दम लागून बाहेर आलो’ हे चित्र रात्रभर मनात घोळवणाऱ्या मुलाला औषधापेक्षा या निग्रहाची गरज अधिक असते. सत्त्वपरीक्षा करून, प्रवर सत्त्वाच्या मुलाला संपूर्ण शर्यत आणि अवर सत्त्वाच्या मुलाला फक्त पहिली पाच मिनिटे, अशी मात्रा आपणच ठरवू शकतो. ज्यांच्या मनात चित्रे उमटतच नाहीत असेही काही लोक असतात. त्यांना श्वासाच्या किंवा हातांच्या लयीवर आणावे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी एक गोष्ट याहून निकडीची आहे. स्पर्धेपूर्वी ‘ताकदीचे’ म्हणून जे दिले जाते त्यात कुचला असू शकतो. विषतिंदुक वटी आणि अग्नितुंडी वटी ही नावे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. कुचल्यातील स्ट्रिक्निन हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. सोमलतेतील एफेड्रिनला ठरावीक मर्यादेपलीकडे बंदी आहे. झोप लागत नाही किंवा पोट बिघडले म्हणून दिलेल्या जातीफलादी चूर्णातील भांगही त्याच यादीत येते. नमुन्यात द्रव्य सापडले की ते कोणी व कोणत्या हेतूने दिले हे गौण ठरते, जबाबदारी खेळाडूची मानली जाते. सोळा वर्षांच्या मुलीने जिल्ह्यातून राष्ट्रीय पातळीवर मजल मारावी आणि आपल्या एका पुडीने तिच्यावर बंदी यावी, हे आपल्यापैकी कोणालाही परवडणारे नाही. तेव्हा गिऱ्हाईक खेळाडू आहे काय, स्पर्धा कोणत्या पातळीची व केव्हा आहे, हे दोन प्रश्न विचारल्याखेरीज बरणीला हात लावू नये. घटकद्रव्यांची पूर्ण यादी नसलेले उत्पादन खेळाडूला देऊच नये.

दहा मिनिटांच्या मानसिक सरावाचा सल्ला दिला तर बाटली खपत नाही, हे खरे आहे. त्यावर उपाय एवढाच की, सल्ल्याचे शुल्क उघडपणे घ्यावे आणि तसे पालकांना आधी सांगावे. मालवणच्या पालकाने बोटीच्या इंजिनाची नुसती तपासणी करणाऱ्या मिस्त्रीला कधी पैसे नाकारलेले नाहीत.